न उलटलेलं टेबल

फुकुओका, १४ नोव्हेंबर १९९८

प्रिय ओरितो,

गिंकोच्या झाडांची पानं पिवळी पडली, सकाळी गारवा असतो, तुझी तब्येत ठणठणीत असेल अशी आशा. झाली एकदाची रीत. आता मनातलं लिहितो.

पत्र एवढ्यासाठी, की फॅक्सचं यंत्र ऑफिसच्या मधोमध आहे आणि तुझं उत्तर माझ्याआधी सगळे वाचतात. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस, मग मला काही सुचत नाही.

कराराच्या बोलण्यांसाठी तू टोकियोला जाऊन बसल्यापासून इथे एकच नाव कानावर पडतं. नाकामुता. नाकामुताला अमुक सुचलं, नाकामुताने तमुक करून दाखवलं. अठ्ठावीस वर्षांची पोर, आयुष्यात पहिल्यांदा एका व्हिडिओ गेमची दिग्दर्शक झाली, आणि ऑफिसात अशी वावरते की जणू मीच तिच्याकडे उमेदवारी करतोय. चूक तिची नाही, तुझी आहे. कंपनीचा अध्यक्ष तू. तूच तिला दिग्दर्शक केलंस आणि मला 'सर्वोच्च सल्लागार'. कार्डं छापून आलीत. सर्वोच्च सल्लागार म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही तो, हे मला आता कळलं. त्यात परवा माझं टेबल उचलून खिडकीशी नेलं. आपल्या देशात खिडकीशी कुणाला बसवतात हे मी तुला सांगायला नको. ज्याला काढून टाकता येत नाही त्याला.

गेल्या आठवड्यात मासिकवाले आले होते. मला वाटलं माझ्यासाठी आले. 'दिवेवाला' गेमचे चारही भाग मी केले, याच मासिकाने मला मुखपृष्ठावर छापलंय, तेव्हा वाटणारच. फोटोवाला म्हणाला, साकुमासान, जरा डावीकडे. सरकलो. अजून थोडं. सरकलो. असं करत करत मी कुंडीपाशी पोचलो, तेव्हा त्याने नाकामुताचा फोटो काढला.

तिचा गेम अर्धा खेळून पाहिला. एक मुलगी आहे, होडी वल्हवते, या बेटावरची माणसं त्या बेटावर सोडते. लढाई नाही, राक्षस नाही. माणसं होडीत बसून आपापलं रडगाणं सांगतात आणि उतरून जातात. चांगला आहे. (हा शब्द लिहिताना पेन अडलं, शाई संपली असावी.) मला कुणाबद्दल पोटदुखी नाही, हे आपलं माहितीसाठी कळवतो.

जानेवारीअखेर पूर्ण गेमची मास्टर सीडी टोकियोला द्यायची आहे. त्याआधी दरवेळेप्रमाणे मी पूर्ण गेम बघेन, आणि गरज पडली तर टेबल उलटेन. तसं तू सगळ्यांना अध्यक्ष या नात्याने कळवून ठेव. माझं आजकाल कुणी ऐकत नाही.

तुझा,
साकुमा


टोकियो, २१ नोव्हेंबर

साकुमा,

पत्र मिळालं. इथल्या उदोनच्या शेवयांनी जीव नकोसा केलाय. रस्सा काळाकुट्ट, आणि उदोन असा की चावताना जबडा दुखावा. आपल्याकडचा गोबोच्या मुळांची भजी घातलेला मऊ उदोन स्वप्नात येतो.

आधी खिडकीचं. टेबल हलवायला मीच सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुला मधूनमधून लांबवर बघायला सांगितलंय आणि तू बघत नाहीस, हे तुझ्या बायकोने मला कळवलं. त्या खिडकीतून समुद्र दिसतो. समुद्र बघ आणि गप्प बस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

आता उलटण्याचं. संतापलेल्या बापाने वाढलेल्या जेवणासकट टेबल उलटवावं, तसा तू दर गेमच्या शेवटी येतोस. सगळं तयार असतं, पोरं घरी जायच्या बेतात असतात, आणि तू म्हणतोस, हे नाही, पुन्हा. मग पोरं ऑफिसात मुक्काम ठोकतात आणि मी टोकियोची गाडी पकडतो, मुदत मागायला. दरवेळी गेम आधीपेक्षा चांगला झाला, हे मी नाकारत नाही. आपलं नाव त्यामुळेच झालं. पण प्रत्येक वेळी हिरोसेसमोर कमरेत वाकून उभा कोण राहिला, तेही कुठेतरी लिहून ठेव.

हिरोसे या खेपेला वेगळ्या सुरात बोलतोय. गेम आपण करतो, पण तो दुकानापर्यंत नेणारी कंपनी त्याची. त्याने स्वच्छ सांगितलं: जानेवारीअखेर सीडी हातात पडली नाही तर करार संपला. करार संपला की आपली कंपनीही संपली, चाळीस घरांची चूल बंद. म्हणून विचारतो, आणि रागावू नकोस. तुला तिचा गेम उलटावासा वाटतोय तो डोळ्याने की पोटाने?

आणि नाकामुताला मी निवडलंय हे विसरू नकोस. मुलाखतीत तू तिला 'चित्रं धड काढता येत नाहीत' म्हणून परत पाठवत होतास. मीच म्हटलं, राहू दे, हिची बोलण्याची तऱ्हा मला आवडली. एवढ्या वर्षांत गेमच्या बाजूचं म्हणावं असं मी केलेलं हे एकच काम आहे.

तुझा,
ओरितो


फुकुओका, ३ डिसेंबर

ओरितो,

डोळ्याने की पोटाने. इतक्या वर्षांच्या मित्राने असं विचारावं? दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. चारचौघांत फाडायचं होतं, पण खिडकीशी बसलेल्याकडे बघतंय कोण.

तिकडे बसून शेळ्या हाकणं सोपं आहे, तेही उंटावरून. इथे येऊन बघ. रोज दुपारी ती सगळ्यांना संत्री वाटते. तिच्या आईच्या बागेतली. सगळ्यांचं वाटून झालं की एक माझ्या टेबलावर आणून ठेवते, दोन्ही हातांनी, वाकून. मला ते संत्रं भिंतीवर फेकून मारावंसं वाटतं. खातो. गोड असतं, त्याचा अजून राग येतो. पोरं तिच्या विनोदांना हसतात. हेच विनोद मी करायचो, हीच पोरं हसायची. परवा नदीकाठच्या गाडीवर रामेन खायला गेलो, आपल्या त्याच गाडीवर. म्हातारा मला काय म्हणाला? म्हणाला, मासिकात फोटो आलाय ती मुलगी तुमच्याच कंपनीतली ना, तिला एकदा घेऊन या. मी रामेन अर्धा टाकून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हा घे, लिहूनच देतो. मला हेवा वाटतो. पोट जळतं. ती जिना चढून आली की तिच्या बुटांचा आवाजसुद्धा मला सहन होत नाही. रात्री बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, तुम्ही तरुण होतात तेव्हा लोकांना तुमच्या बुटांचा त्रास व्हायचा. बायको कुणाच्या बाजूने आहे कळत नाही.

काल पूर्ण गेम खेळलो, शेवटपर्यंत. शेवटाबद्दल काही म्हणायचं होतं, पण राहू दे. तूच विचारलंस ना, डोळा की पोट? मला आता त्या दोघांतला फरक कळेनासा झालाय. म्हणून ठरवलं, तोंड उघडायचंच नाही. उलटणार नाही. तुझा करार वाचला, तुझी नाकामुता वाचली. माझ्यात एवढा मोठेपणा असेल असं मलाच वाटलं नव्हतं.

साकुमा


टोकियो, १० डिसेंबर

प्रिय साकुमा,

तुझं पत्र वाचून मी हॉटेलच्या खोलीत एकटाच बियर प्यायलो, तुझ्या नावाने. खरंच सांगतो, मला हे अपेक्षित नव्हतं. हिरोसेला आजच शब्द देऊन आलो की सीडी वेळेवर येईल.

तू या धंद्यात नवखा आहेस, म्हणजे हेव्याच्या. मी जुना आहे. म्हणून थोडं सांगतो. जेवण चुकवायचं नाही, रिकाम्या पोटी जास्त जळतं. मासिकं चाळायची नाहीत. ज्याचा हेवा वाटतो त्याची दिवसातून एकदा दुसऱ्याकडे तोंडभरून स्तुती करायची, म्हणजे निदान लोकांना कळत नाही. आणि त्याच्यासोबत जेवायला बसलं की बिल आपण द्यायचं. मला हे कुणामुळे शिकावं लागलं ते विचारू नकोस.

नवीन वर्षाचं कार्ड वेगळं पाठवीन. आईला माझा नमस्कार सांग.

ओरितो


फुकुओका, १३ जानेवारी १९९९

ओरितो,

ताबडतोब ये. येता येत नसेल तर ताबडतोब लिही.

काल गेम दाखवायचा दिवस होता. मोठ्या पडद्यासमोर माझी खुर्ची, मागे सगळे उभे. कुणी कुणी झोपायच्या पिशव्या आणल्या होत्या. चित्रवाल्या ओगाताने तर बायकोला सांगूनच ठेवलं होतं की आता महिनाभर घरी येत नाही. सगळ्यांना खात्रीच की मी उलटणार. नाकामुता बाजूला उभी, वही उघडून, पेनचं टोपण काढून. मी अथपासून इतिपर्यंत खेळलो. कंट्रोलर खाली ठेवला आणि ठरवल्याप्रमाणे म्हणालो, ठीक आहे, असाच पाठवा.

मला वाटलं आता टाळ्या पडतील. कुणी हललंही नाही. ओगाताने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या घरात मयत झालेली असताना मी हसलो होतो. नाकामुताने पेनला टोपण लावलं, वाकली, 'आभारी आहे' म्हणाली आणि बाहेर गेली.

आज सकाळी माझ्या टेबलावर पांढरं पाकीट. राजीनामा. मी तिच्या मागे जिन्यापर्यंत धावलो. विचारलं, गेम तर मी पास केला, मग हे काय? तेव्हा ती थांबली आणि जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"साकुमासान, तुम्ही ओगातासानचं काम उलटलंत. स्वतःचे चारही गेम उलटलेत. इथे झाडून सगळ्यांचं काहीतरी तुम्ही कधी ना कधी उलटलंय. माझ्याच गेमला 'ठीक आहे'? तो उलटण्याच्याही लायकीचा नाही का?"

 ती म्हणाली, हिरोसेसानच्या कंपनीने तिला टोकियोला बोलावलंय, आतापर्यंत ती नाही म्हणत होती.

ऐकलंस? मी टेबल उलटलं तर राक्षस, नाही उलटलं तर अपमान. मी तर तू सांगितलंस तेच केलं. आता काय करू?

साकुमा


टोकियो, १६ जानेवारी

साकुमा,

हिरोसेकडे गेलो होतो. मला चहा पाजून, माझ्या आईची चौकशी करून, हसत हसत त्याने कबूल केलं की तिला बोलावलंय. मी त्याच्यासमोर मान हलवत बसलो. परत येताना स्टेशनवर माझी गाडी सुटली तरी मी बाकावरून उठलो नाही.

गेम तू केलेस, मुखपृष्ठावर तू आलास, लोक पत्रं तुला लिहितात. माझी कुणी तक्रार ऐकलीये? मी फक्त एक माणूस हेरला होता. तोही तू घालवलास, आणि तेसुद्धा बोटही न हलवता.

तीन डिसेंबरचं तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. 'शेवटाबद्दल काही म्हणायचं होतं, पण राहू दे.' मी तेव्हा आनंदाच्या भरात ते वाक्य ओलांडून पुढे गेलो. इतकी वर्षं तुझ्यासोबत काढून मला कळायला हवं होतं, की ज्या गोष्टीबद्दल तू 'राहू दे' म्हणतोस ती क्षुल्लक कधीच नसते. काय म्हणायचं होतं? मला सांगू नकोस. तिला जाऊन सांग.

ओरितो


फुकुओका, २० जानेवारी

प्रिय ओरितो,

सांगितलं. आता तुलाही सांगतो, सगळं.

तुझं पत्र आलं तेव्हा ती टेबल आवरत होती. खोक्यात कप, शाल, होडीची चिकणमातीची प्रतिकृती. ओगाता आणि बाकीचे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसलेले, पण कान तिकडेच. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. मनात एक चांगलंसं भाषण तयार केलं होतं. त्यातला एक शब्द आठवला नाही.

म्हटलं, "नाकामुता, मला तुझा हेवा वाटतो."

ती खोक्यात बघत राहिली.

"तुझा शेवट चुकलाय," मी म्हणालो. "मुलगी शेवटच्या बेटावर पोचते, आई धावत येते, मिठी, संगीत. असं सगळेच करतात. अख्खा गेमभर खेळणाऱ्याने वल्हवलंय. त्याचे अंगठे दुखायला लागलेत. शेवटच्या खेपेत वल्हं त्याच्याकडून काढून घे. त्याने बटण दाबलं तरी काही होता कामा नये. होडी चालू दे, पण दुसऱ्या कुणाच्या हाताने. पहिल्या बेटावरची ती बाई आहे ना, पाण्याला घाबरायची, होडीत डोळे मिटून बसायची? ती वल्हवेल. खेळणाऱ्याने उतारू होऊन बसायचं. मान वळवून आपण माणसं सोडली ती बेटं बघता येतील तेवढीच मुभा दे. आई किनाऱ्यावर आहे की नाही हे दाखवूच नकोस."

ओगाताच्या खुर्चीचा आवाज थांबला.  नाकामुताने विचारलं, "हे तुम्हाला कधी सुचलं?"

"पहिल्यांदा शेवटपर्यंत खेळलो तेव्हाच."

"म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला. मग आजवर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझा गेम माझ्या सगळ्या गेमपेक्षा चांगला झाला असता."

ओरितो, हे बोललो तेव्हाच मलाही ते पहिल्यांदा कळलं. तुला मी लिहिलं होतं की माझ्यात मोठेपणा आहे, म्हणून तोंड बंद ठेवतो. कसला मोठेपणा. तोंड बंद ठेवणं हाच हेवा होता. उलटलं असतं तर ते डोळ्याने उलटलं असतं. नाही उलटलं ते पोटाने. मी माझ्या जळक्या पोटाला साधुत्वाचं नाव दिलं, आणि तूही बियर पिऊन त्याला दुजोरा दिलास.

ती उठली. मला वाटलं निघाली. म्हणाली, "साकुमासान, तुम्ही फार हलकट माणूस आहात." अगदी शांतपणे, जशी संत्रं देताना बोलते तशी. मग खोक्यातून वही काढली, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाली, "ती बाई वल्हं कुठल्या बाजूने धरेल? तिचा डावा हात अधू आहे."

तेव्हापासून कुणी घरी गेलेलं नाही. ओगाता बायकोला फोनवर समजावतोय. माझं टेबल पोरांनी न विचारता खिडकीपासून आत ओढलंय.

पण जानेवारीअखेर हे होणार नाही. निदान तीन आठवडे जास्त हवेत. तुझ्याकडे हे मागायचा मला काही हक्क राहिलेला नाही, हे जाणून मागतोय.

साकुमा


टोकियो, २९ जानेवारी

साकुमा,

तीन आठवडे मिळाले.

हिरोसे आधी ऐकेनाच. म्हणाला, साकुमासानचं हे नेहमीचंच. मी म्हटलं, या वेळी उलटतोय तो साकुमा नाही, दिग्दर्शक उलटतेय. नाकामुताने त्याला नकार कळवला होता त्यामुळे तो फुरंगटून बसला होता. मी वाकलो. उत्तर मिळेपर्यंत सरळ झालो नाही. गालिच्यावरची वेलबुट्टी मला आता तोंडपाठ आहे. शेवटी त्याने अट घातली. लहान कंपन्यांशी बोलणी करायला त्याला माझ्यासारखा माणूस हवाय. पुढचं वर्षभर मी इथेच राहून त्याच्यासाठी ते करायचं. मी हो म्हटलं.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, मग लोकरीचे मोजे पाठवते. जुलैत यामाकासाच्या उत्सवात देव्हाऱ्याला खांदा द्यायला मी नसेन. लहानपणापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. ते तेवढं जिवावर आलंय.

हे नाकामुताला सांगू नकोस. तिने वल्ह्याकडे लक्ष द्यावं.

ओरितो


फुकुओका, २४ एप्रिल

ओरितो,

रागाच्या भरात लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

गेम कसा चाललाय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. दुकानांत शिल्लक नाही म्हणून लोक परत जातायत. पोस्टाची पिशवी रोज भरून येते. कुमामोतोहून एका माणसाने लिहिलंय, की शेवटच्या खेपेत बटण दाबून काही होईना तेव्हा आधी त्याला वाटलं कंट्रोलर बिघडला, मग त्याला त्याची वारलेली आई आठवली आणि तो तसाच बसून राहिला. ते पत्र नाकामुताच्या नावाने आहे. वाचलं मी.

चार दिवसांपूर्वी मासिक आलं. मुखपृष्ठावर ती. आत मुलाखत. विचारलंय, ती शेवटची खेप कशी सुचली? उत्तर ऐक. 'नोकोनोशिमा बेटाच्या फेरीबोटीत. वारा सुटला होता, समुद्रपक्षी बोटीमागून येत होते. मला एकदम वाटलं, आता मी फक्त बसून राहायला हवं.'

फेरीबोट! माझी ती खुर्ची, ते खोकं, ओगाताचे टवकारलेले कान, सगळं गेलं कुठे? मी तिच्याकडे गेलो, मासिक पुढे धरलं, म्हटलं, हे काय आहे? तिने वाचलं आणि माझ्याकडे निरागसपणे पाहिलं. म्हणाली, फोटो जरा विचित्र आलाय ना? ओरितो, ती खोटं बोलत नाही. तिला खरंच तसं आठवतं. तिला ते पक्षीसुद्धा आठवतात. वर मला म्हणाली, साकुमासान, पुढच्या गेमच्या वेळी आधीपासून लक्ष घाला, तुमची फार मदत होते.

मदत. मी तीन दिवस धड जेवलो नाही. सगळीकडे तिची स्तुती चाललीये, आणि मी मान हलवून म्हणतो, हो, फार छान सुचलं तिला. दुसरं बोलणार काय? दिग्दर्शक ती. गेम तिचा. पण तू सांग, तू तर या बाबतीत मला शिकवायला निघाला होतास. असला अन्याय माणसाने सहन कसा करायचा?

साकुमा


टोकियो, २ मे

प्रिय साकुमा,

बारा वर्षांपूर्वी त्याच रामेनच्या गाडीवर आपण दोघं बसलो होतो. तुझा 'दिवेवाला' अडला होता. तुझा नायक दिवा घेऊन अंधाऱ्या गावातून जायचा, भेटेल त्याला उजेड द्यायचा, आणि तू म्हणत होतास की यात काहीतरी मजा येत नाही. मी हिशेबाचा माणूस. मला त्यात एकच खोट दिसली. मी म्हणालो, याचं तेल कसं संपत नाही? कुणाला उजेड दिला की आपल्या दिव्यातलं तेल तेवढं कमी झालं पाहिजे, नाहीतर देण्याला किंमत काय? तू रामेन ढवळायचा थांबलास. मग बिल न देता पळत सुटलास. बिल मी दिलं.

त्यानंतर तुझ्या जेवढ्या मुलाखती छापून आल्या तेवढ्या मी वाचल्या आहेत. दर मुलाखतीत विचारतात, तेल कमी होण्याची कल्पना कशी सुचली? तू सांगतोस, सार्वजनिक स्नानगृहात. गरम पाण्यात बसलो होतो, एकेकजण उठून जात होता, पाण्याची पातळी खाली जात होती. फार सुरेख सांगतोस. तुला त्या भिंतीवरचं फुजी पर्वताचं चित्रही आठवतं.

मी तुला कधी खोटारडा म्हटलं नाही, कारण तू खोटं बोलत नाहीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सहन होत नाही, साकुमा. सकाळी उठायचं, दाढी करायची, टोकियोची गाडी पकडायची, आणि त्याच्या पुढच्या गेमसाठी मुदत मागून आणायची.

तुझा,
ओरितो